नारिंगी जाकिटं

"हात वर कर. अजून वर. काखेत ओढून राह्यलं काय?"

सायमानं पियुषचा हात धरून त्याच्या डोक्यापर्यंत नेला. पियुषच्या अंगात सिमेंटच्या पोत्याचं बिनबाह्यांचं जाकीट होतं आणि तोंडावर मोठ्या संकटात सापडल्याचा भाव होता.

"काखेत नाई ओढत, पण पाठीत खाजून राह्यलं," तो म्हणाला. "आत सिमेंट उरलं आहे. घाम आला की माझा इथीच पुतळा होते."

चंचल हसून हसून खळ्याच्या कुडाला टेकली. बिलाल मात्र हसला नाही. हे सगळं खूळ त्यानंच आणलं होतं आणि ते त्याला गंभीरपणे घ्यायचं होतं.

बिलाल सायमाच्या खालाचा, म्हणजे मावशीचा मुलगा. उन्हाळ्याची सुट्टी लागली तसा तो चंद्रपूरहून साजटोल्याला आला, तो छर्रे मारायच्या दोन प्लॅस्टिकच्या बंदुका घेऊनच. परदेशात मोठी माणसंसुद्धा हा खेळ खेळतात, त्याला एअरसॉफ्ट म्हणतात, असं त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं. दोन बाजू पाडायच्या, आडोशानं छर्रे मारायचे आणि छर्रा लागला की आपणहून बाहेर व्हायचं. बिलाल स्वतः तो कधी खेळलेला नव्हता. सायबर कॅफेत बसून त्यानं नुसतं वाचलं होतं, पण बोलायचा असा की जणू त्यानंच तो खेळ काढला.

पहिल्याच दिवशी पियुषच्या बोटावर छर्रा बसला आणि नख काळंनिळं झालं. तेव्हा चंचलनं फर्मान काढलं. "डोळ्याले चष्मा, अंगात जाकीट, हातात मोजे. नाई तर मी खेळत नाई." चष्मे बाजारात मिळाले. जाकिटाची किंमत बिलालनं सांगितली तेव्हा पियुष म्हणाला की तेवढ्यात माझी सायकल येते. मग जाकीट घरीच करायचं ठरलं. सायमाचे अब्बा अयूब टेलर, म्हणून परीक्षकाची जागा आपोआपच सायमाकडे आली.

बिलालनं चंद्रपूरहून हिरव्या ठिपक्यांचं, शिपायांच्या गणवेशासारखं कापड आणलं होतं. ते पाहिल्याबरोबर अयूबनी आवाज न चढवता त्याच्या हातातून काढून घेतलं आणि पेटीत ठेवलं. "हे घालून, हातात बंदूक घेऊन पोट्टे फिरले, तर दुरून पाहणारा विचारत नाई की बाबा हा खेळ आहे काय," ते म्हणाले. यावर कोणी वाद घातला नाही. त्या वर्षांत साजटोल्याच्या जंगलात पोलीस आणि नक्षलवादी एकमेकांना दुरून कसे पाहत असत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खेळ फक्त पियुषच्या खळ्यातच होईल, हेही तेव्हाच ठरलं.

परीक्षेसाठी त्यांनी एक डांगर, म्हणजे लाल भोपळा घेतलं होतं. डांगराला जाकीट गुंडाळायचं, खळ्याच्या दुसऱ्या टोकाहून छर्रा मारायचा आणि मग सालीवर खूण उमटली का ते पाहायचं. सिमेंटच्या पोत्यातून खूण उमटली. जुन्या गोधडीतून उमटली नाही, पण एप्रिलच्या उन्हात गोधडी घालून पळणार कोण? रेक्झिनचंही तेच, आत माणूस शिजून निघाला असता.

"आता हे," असं म्हणून सायमानं शेवटचं जाकीट काढलं. भडक नारिंगी पॅराशूट कापडाचे दोन पदर आणि मध्ये स्पंजचा पातळ थर. दुकानातल्या कातरणांतून तिनं ते जोडलं होतं, म्हणजे ते फुकटात पडलं होतं. गळ्याशी कॉलर उंच ठेवली होती, काखेत कापड खोल कापलं होतं. लाकूड डेपोतल्या मजुरांसारखे सुती विणलेले मोजे घेऊन त्यांच्या बोटांच्या पेरांवरही तिनं तोच नारिंगी तुकडा लावला होता, कारण बंदूक धरली की हातच सगळ्यात पुढे असतात आणि मार आधी तिथेच बसतो.

बिलालनं नेम धरला. छर्रा बसला, टप्पा खाऊन गवतात गेला. डांगरावर खूण नव्हती.

"झालं," बिलाल म्हणाला. "हलकं, मजबूत आणि फुकट. नागपूरवाले झक मारतात."

चंचल जाकिटावरून हात फिरवत होती. "हे तर आमच्या बाबाच्या जाकिटाचं कापड," ती म्हणाली.

तिचे वडील लच्छू फायर-वॉचर होते. उन्हाळाभर जंगलाला लागलेली आग विझवायची, हे त्यांचं काम. त्या साली आगीवरच्या सगळ्या मजुरांना नवीन नारिंगी जाकिटं आणि हातमोजे मिळाले होते. ठेका हरबाजी ठेकेदाराचा आणि शिलाई अयूब टेलरची.

"म्हणजे आपलं जाकीट फायरप्रूफ," बिलाल खूश झाला. "याले आग धरत नाई. पियुष, तुले पेटवून पाहू काय?"

"आधी डांगराले पेटव. त्यानं लय मार खाल्ला, त्याले आता काई वाटत नाई."

सायमा तोवर जाकिटाच्या कडेचा एक धागा ओढत होती. टेलरच्या घरातली ही सवय. नवं कापड हातात आलं की धागा काढायचा आणि जाळून पाहायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटात चुरते. नायलॉन मात्र नीट पेटण्याआधीच आखडतं, वितळतं आणि त्याची कडक काळी गाठ होते. अब्बांनी तिला हे अक्षरं शिकवायच्या आधी शिकवलं होतं. आज तिला वेगळं काहीतरी पाहायला मिळणार होतं, आग न धरणारा धागा. तिनं काडी ओढली.

धागा आखडला. पेटला. त्याच्या टोकाशी एक काळा थेंब जमला आणि तिच्या अंगठ्यावर पडला.

सायमानं हात झटकला, पण थेंब निघाला नाही. तो चिकटूनच जळत राहिला. चंचलनं तांब्यातलं पाणी ओतलं तेव्हा कुठे तो थंडावला, आणि सायमानं नखानं खरवडला तेव्हा खालची कातडी घेऊन निघाला.

मग बिलालनं एक कातरण मातीवर टाकून पेटवलं. ते भडकलं, वितळलं आणि त्यातून जळते थेंब ठिबकत राहिले.

"नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा," पियुष पुटपुटला, पण त्याच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती.

"बाबाचं जाकीट असंच आहे?" चंचलनं विचारलं. ती सायमाकडे पाहत होती. "तूच तर नाड्या शिवल्या होत्या ना त्याच्या? सांग ना."

सायमाला काय सांगावं कळेना. नाड्या तिनंच शिवल्या होत्या, पण कापड अब्बांनी पाहिलं असेल म्हणून तेव्हा धागा जाळला नव्हता. परीक्षेचा अभ्यास आटोपला की रोज थोड्या थोड्या.

"मी अब्बाले विचारून येतो," असं म्हणून ती उठली.

अयूब मशीनवर बसले होते. सायमा दारात उभी राहिली आणि तिनं सरळच विचारलं, "अब्बा, फायर-वॉचरच्या जाकिटाचं कापड तुम्ही जाळून पाह्यलं होतं काय?"

मशीनचं चाक थांबलं.

"काऊन विचारून राह्यली?"

तिनं अंगठा दाखवला. अयूबनी तिचा हात उजेडाकडे वळवला. "पाण्यात धरला काय?" त्यांनी विचारलं.

"अब्बा, पाह्यलं होतं काय?"

"पाह्यलं होतं," ते म्हणाले. "हरबाजीले म्हटलंही होतं. भाऊ, हे तर साधं पॅराशूट आहे, हे जळते. तो म्हणाला, तुम्ही शिवा, शिवून झालं की आम्ही त्याले औषध मारतो, मग आग धरत नाई."

"मग मारलं औषध?"

"मले नाई माहीत."

"तुम्ही विचारलं नाई?"

अयूबनी सुईखालचं कापड उगाच सरळ केलं. साजटोल्यात अयूब टेलरच्या शब्दाला मान होता. लग्नाचं कापड घेतलं की लोक आधी त्यांच्याकडे आणत, हे खरं आहे का खोटं ते पाहा म्हणत, आणि ते सांगतील ते खरं मानत. या साली पहिल्यांदा त्यांच्या दुकानाचं नाव वनखात्याच्या रेंज ऑफिसात गेलं होतं. काम मोठं होतं, हातचं जाऊ नये असं वाटलं, आणि जे विचारल्यावर काम गेलं असतं ते त्यांनी विचारलंच नाही. सायमाला हे सगळं त्यांच्या गप्प बसण्यातून कळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या अब्बांची लाज वाटली आणि ती लाज अंगठ्यापेक्षा जास्त दुखली.

"मी उद्या बोलतो हरबाजीशी," अयूब म्हणाले. "तू कुठी बोलू नको, बेटा. एकदा नाव गेलं की मग..."

बाहेरून पियुषची हाक आली. "सायमा, बाहेर ये. डोंगरीवर पाह्य."

डोंगरीच्या अंगाला धूर उठला होता. मोहाच्या झाडांखालून तो वर चढत होता. आग कशी लागली हे कोणाला विचारायची गरज नव्हती. मोहाची फुलं वेचायची तर आधी झाडाखालचा वाळका पाला जाळून टाकतात, म्हणजे साफ जमिनीवर पडलेली फुलं दिसतात. बापजाद्यांपासून असंच चाललंय. जाळणारा टोपली भरून घरी जातो आणि मागं राहिलेली ठिणगी वाऱ्यासोबत जंगलात जाते. ज्यांच्या घरचे मजूर आग विझवायला जात, त्यांच्याही घरचे मोहाखालचा पाला जाळत. साजटोल्यात यात कोणाला विसंगती वाटत नसे.

"बाबा गेले," चंचल म्हणाली. "ट्रक आत्ताच गेला. बाबानं जाकीट घातलं होतं."

सायमानं एकदा दुकानाकडे पाहिलं. अब्बा दारात आले होते. ते नको म्हणतील म्हणून ती थांबली नाही. खळ्यातलं नारिंगी जाकीट तिनं सायकलला अडकवलं आणि चौघं वनखात्याच्या नाक्याकडे सुटले.

नाक्यावर धावपळ चालू होती. मजुरांची दुसरी तुकडी निघायच्या तयारीत होती. वनपाल सत्यशीलाबाई वायरलेसशी झगडत होत्या. आणि पाण्याच्या ड्रमाशेजारी हरबाजी ठेकेदार स्वतः नारिंगी जाकीट घालून, कमरेवर हात ठेवून उभे होते. नव्या जाकिटांची बातमी घ्यायला वडश्याहून आलेला एक पेपरवाला त्यांचा फोटो काढत होता.

"मॅडम, जाकिटं काढायला लावा," सायमा धापा टाकत म्हणाली. "ते जळतात. आम्ही पाह्यलं आहे."

"बेटा, आत्ता नाई," सत्यशीलाबाईंनी मान न वळवता सांगितलं. "बाजूला हो. गाडी निघते."

हरबाजी हसले. "सुट्टी लागली की पोट्टे असेच पिसाळतात. जा, घरी जा."

चंचल रडू लागली. बिलाल मोठमोठ्यानं समजावू लागला, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आता ओरडून काही होणार नाही, हे सायमाच्या ध्यानात आलं. तिनं बिलालच्या खिशातली काडेपेटी घेतली, ओढणी नीट केली आणि अगदी शहाण्या मुलीसारखी हरबाजींसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, पेपरात फोटो येऊन राह्यला ना तुमचा? मग नुसते उभे काऊन राह्यता? जाकिटाले काडी लावून दाखवा ना. आग धरत नाई म्हणता, तर लोकाइले दिसू द्या."

पेपरवाल्याला ते एकदम पटलं. "हो, हो. असा फोटो पाहिजेच."

"नाटकं नको," हरबाजी म्हणाले. "वेळ नाई."

"एक काडी तर लावायची," सायमा म्हणाली. "मीच लावतो." आणि तिनं काडी ओढली.

हरबाजी मागे सरले. ड्रमावर आपटले. त्यांचा हात जाकिटाच्या नाडीकडे गेला. "ए पोट्टे, ती काडी दूर घे!"

ट्रकमध्ये चढणारे मजूर थांबले. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, झिंगू, खाली उतरला. "ठेकेदारसाहेब," त्यानं विचारलं, "आमाले देल्लं ते जाकीट आगीत घालून जायचं, आन् तुम्ही काडीले भ्याले?"

हरबाजी सुटलेली नाडी हातात धरून उभे राहिले. सायमानं आपलं जाकीट मातीवर टाकलं आणि पेटवलं. स्पंज भडकला, कापड उकळल्यासारखं झालं आणि जळते थेंब मातीवर पसरले. सत्यशीलाबाईंनी वायरलेस खाली ठेवला.

"काढा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी काढा. मोजेही काढा. आपली सुती शर्टं राहू द्या." मग त्यांचा आवाज बदलला. "लच्छूची तुकडी वर गेली आहे. ट्रकवाल्याकडे वायरलेस आहे, पण तो उचलून नाई राह्यला."

"चंचल कुठी आहे?" पियुषनं विचारलं.

तिची सायकल नाक्यापलीकडे आडवी पडली होती. जवळच कोरडा नाला होता. रस्त्यानं गाडी डोंगरीला वळसा घालून जाते, पण नाल्यानं गेलं की मोहाची झाडं जवळ. चंचल बापाची भाकर घेऊन याच वाटेनं रोज जायची.

"पियुष, तू मॅडमसंग गाडीत बस आणि वरून रस्ता दाखव," सायमा म्हणाली. "बिलाल, चल." सत्यशीलाबाई मागून थांबा म्हणाल्या. दोघं थांबले नाहीत, आणि त्यांचं ते चुकलंच. पण पुढे धावणारी पोर त्यांची मैत्रीण होती.

नाल्यात वाळू होती, पाला नव्हता, म्हणून तिथे आग येत नव्हती. धूर मात्र येत होता. डोळे चुरचुरत होते. बिलालनं खेळाचा चष्मा डोळ्यांवर ओढला. थोड्या वेळापूर्वीपर्यंत त्याला बंदुकीची लढाई फार मजेची वाटत होती, पण आता तो एक शब्द बोलत नव्हता. पुढे चंचलची हाक ऐकू येत होती. "बाबाऽ, जाकीट काढा!"

वळणावर त्यांनी तिला गाठलं. वर पाहिलं तर काठावर माणसं दिसली. धुरात नारिंगी रंग तेवढा ठळक दिसत होता. माणसं ओल्या डहाळ्यांनी आग झोडत होती आणि आगीच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नव्हतं. तिघांनी एकदम ओरडायला सुरुवात केली. जवळच्या माणसानं वळून पाहिलं, मग त्याच्या शेजारच्यानं. एकेकजण गोंधळून जाकीट काढू लागला.

लच्छू सगळ्यात टोकाला होते. त्यांना हाक पोचली असावी, कारण ते वळले. तेवढ्यात वारा फिरला. वरची एक पेटलेली फांदी मोडून खाली आली आणि तिच्या ठिणग्या त्यांच्या खांद्यावर पडल्या.

जाकीट पेटलं. लच्छूंनी हातानं ते विझवायला पाहिलं, तर रबर चढवलेले मोजे त्या वितळत्या कापडाला चिकटले. सायमा धावत वर पोचली तेव्हा ते गुडघ्यांवर बसले होते. तिनं कडेची नाडी धरली आणि ओढली. नाडी तुटेना. अब्बांनी सांगितलं होतं म्हणून तिनंच दोन दोन टाके घालून ती पक्की केली होती. तिला रडू फुटलं, पण बोटं थांबली नाहीत. एक गाठ सुटली. दुसऱ्या बाजूची बिलालनं सोडवली. दोघांनी मिळून जाकीट अंगावरून ओढलं. सगळं कापड काही वेगळं निघालं नाही. जे निघालं, त्याच्याबरोबर कातडीही निघाली.

चंचलनं मजुरांचा पाण्याचा कॅन पूर्ण ओतला. लच्छू ओरडले नाहीत. "पोरी, तू इथी काऊन आली?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ते जमिनीवर आडवे झाले.

गाडी आली. पियुष तिच्यातून उतरला आणि समोरचं पाहून तिथेच उभा राहिला. एक आडवा पडलेला माणूस सोडला, तर सगळे मजूर धडधाकट होते. सत्यशीलाबाईंनी स्वतःची पाण्याची बाटलीही लच्छूंच्या पाठीवर रिकामी केली आणि त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायला लावलं.

पुढच्या आठवड्यात नाक्याजवळच्या व्हरांड्यात चौकशी बसली. अख्खं गाव बाहेर उभं होतं. हरबाजी ठेकेदार इस्त्रीचे कपडे घालून आले होते आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, "मी कापड चांगलंच दिलं होतं. टेलरनं ते ठेवून घेतलं आणि हलकं लावलं. माझा काय दोष?"

सगळ्यांच्या माना अयूबकडे वळल्या.

"मॅडम," मागून पियुष म्हणाला, "एक विचारू काय? ठेकेदारकाकाच्या ट्रॅक्टरवर काय झाकलं आहे, ते एकदा पाहून घ्या ना."

ट्रॅक्टर समोरच उन्हात उभा होता. त्याच्या इंजिनावर आणि सीटवर नारिंगी कापड बांधलेलं होतं, अगदी तसंच. जाकिटांसाठी आणलेल्या ताग्यातला तुकडा हरबाजींना टाकवला नव्हता. सत्यशीलाबाईंनी त्यांचं गोदाम उघडायला लावलं आणि आत त्याच कापडाचे उरलेले तागे निघाले. हरबाजी चाचरत काहीतरी सांगू लागले, पण आता त्यांचं ऐकायला कोणी थांबलं नाही.

अयूब सुटले होते. ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ते पुढे आले.

"मॅडम, कापड हरबाजीचंच," ते म्हणाले. "पण मी धागा जाळून पाह्यला होता. हे जळते, हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं औषध मारतो म्हटलं आणि मी मानलं, कारण मले मानायचं होतं. हे लिहून घ्या."

गर्दीत कुजबुज झाली. सायमाला अब्बांचा राग आला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभंही राहावंसं वाटलं. ती जाऊन उभी राहिली.

हरबाजींचा ठेका गेला आणि पोलीस त्यांना घेऊन गेले. सगळी जाकिटं आणि मोजे परत घेतले गेले आणि मजुरांना जाड सुती कापडाचे कोट मिळाले. शाळा उघडायच्या आधी आलापल्लीहून मोठे साहेब आले. शाळेच्या पटांगणात चौघा मुलांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. साहेब म्हणाले की या मुलांनी मोठ्यांचे डोळे उघडले. सत्यशीलाबाई म्हणाल्या की मी पहिल्याच वेळी ऐकलं असतं तर बरं झालं असतं, आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर म्हटलं. पियुषनं श्रीफळ हातात तोलून पाहिलं आणि हे डांगरापेक्षा टणक आहे, असा शेरा मारला. लोक हसले. सायमाही हसली, मग तिला मागे एकटेच उभे असलेले अब्बा दिसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती.

लच्छू पावसाळ्याच्या तोंडावर घरी आले. पाठ भरत आली होती. उजव्या हाताची बोटं मात्र एकमेकांना धरून बसली होती, ती आता कुऱ्हाड धरणार नव्हती. अयूबनी त्यांच्यासाठी मऊ सुती सदरा शिवला, बाही सैल, गुंड्यांच्या जागी बंद, कारण त्या बोटांनी गुंडी लागली नसती. सदरा कागदात बांधून ते सायमाला घेऊन निघाले, पण लच्छूंच्या अंगणाबाहेर त्यांचे पाय थांबले.

"तू दे," ते म्हणाले.

सायमा एकटीच आत गेली. चंचल वडिलांना पेज भरवत होती. लच्छूंनी सायमाला जवळ बसवलं, डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं. "तुह्यासारखी पोट्टी गावात असली म्हणजे माणसाले भीती नाई," ते म्हणाले. मोठ्या साहेबांचं भाषण ऐकताना जे झालं नव्हतं ते आता झालं. सायमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं पुडकं पुढे केलं. "अब्बानं शिवलं. ते बाहेर उभे आहेत. आत येऊ देता काय त्याइले?"

लच्छूंनी पुडक्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. चंचल हातातली वाटी घेऊन थांबली.

"तू रोज येत जा," शेवटी लच्छू म्हणाले. "सदरा ठेवून जा. पण त्याले म्हण, अजून नको येऊ. मले अजून त्याचं तोंड पाहवत नाई."

सायमा बाहेर आली. अयूब तिथेच उभे होते, टोपी हातात घेऊन.

"काय म्हणाला?"

खोटं सांगणं सोपं होतं. झोपले आहेत म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं जसं होतं तसं सांगितलं.

अयूबनी मान हलवली. "'अजून नको' म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"हो. अजून नको, असं म्हणाले."

"बरं," अयूब म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, सायमाचा हात धरला आणि दोघं घराकडे चालू लागले.